न्यायासनापुढे धर्माचे सार

भारतीय राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्याची हमी देताना विधिमंडळ, शासन आणि न्यायालय या तिघांनाही वेगवेगळी कामे नेमून दिली आहेत. अनुच्छेद २५ प्रत्येक व्यक्तीला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतो. मात्र हा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. धर्माशी निगडित आर्थिक, राजकीय किंवा अन्य ऐहिक व्यवहारांचे नियमन करणे, समाजसुधारणेचे कायदे करणे आणि सार्वजनिक स्वरूपाची हिंदू देवस्थाने सर्व हिंदूंना खुली करणे, याची मुभा त्याच अनुच्छेदाने राज्यसंस्थेला दिली आहे. अनुच्छेद २६ संप्रदायांना आपल्या धार्मिक बाबी आपण चालवू देतो, पण मालमत्तेचा कारभार त्यांनी कायद्याप्रमाणे करायचा असतो. कायदा विधिमंडळाने करायचा, शासनाने राबवायचा, आणि तो या हक्कांच्या आड येतो का हे न्यायालयाने अनुच्छेद १३, ३२ व २२६ च्या बळावर तपासायचे.

येथवर रचना सरळ आहे. पेच निर्माण होतो तो धार्मिक बाब आणि ऐहिक बाब यांच्यातली रेघ आखताना. ती विधिमंडळाने आखली तर हक्क पोकळ होतो, कारण ज्याच्यापासून संरक्षण हवे तोच संरक्षणाची हद्द ठरवू लागतो. धर्मपीठांनी आखली तर खाण्यापिण्यापासून वारसाहक्कापर्यंत सगळेच धर्मात जमा होईल आणि कायद्याला काही शिल्लकच राहणार नाही. उरते न्यायालय. ते धर्माचे अधिकारीही नाही आणि लोकांचे प्रतिनिधीही नाही. कोणत्याही धर्माचे सत्य स्वीकारायचे नाही अशी बांधिलकी असलेल्या संस्थेने प्रत्येक धर्माचे सार कोणते ते सांगावे का, आणि सांगायचे तर कशाच्या आधाराने, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न भारतात खटल्यांच्या रूपाने पुन्हा पुन्हा न्यायासनापुढे आला आहे.

प्रश्नाची मुळे राज्यघटनेपेक्षा जुनी आहेत. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या योजनेनुसार कंपनी सरकारच्या न्यायालयांनी विवाह, वारसा वगैरे बाबतींत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण लागू करायचे ठरले, आणि ते समजावून सांगायला पंडित व मौलवी नेमले गेले. १८६४ मध्ये ही पदे रद्द झाली. तोवर छापील ग्रंथ आणि जुने निकाल साठले होते. न्यायाधीश आता आपल्याच आधारावर शास्त्रार्थ करू लागले. त्याच सुमारास, १८६२ साली, मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयात ‘महाराज लायबल केस’ गाजली. सुधारक करसनदास मूळजी यांनी ‘सत्यप्रकाश’ या पत्रातून वल्लभ संप्रदायाच्या महाराजांवर अनाचाराचे आरोप केले होते आणि हा संप्रदाय हिंदूंच्या मूळ धर्माला सोडून गेला आहे असे म्हटले होते. खटला होता अब्रुनुकसानीचा. पण सुनावणीत वेद, पुराणे आणि संप्रदायाचे ग्रंथ यांचा कीस पडला. न्या. जोसेफ अर्नोल्ड यांनी करसनदासांची बाजू उचलून धरताना, जे नीतीच्या दृष्टीने चूक आहे ते धर्मशास्त्राने बरोबर ठरू शकत नाही, अशा अर्थाचे मत नोंदवले. सुधारकांना ते अर्थातच आवडले. मूळ शुद्ध धर्म आणि नंतरची भेसळ ही जोडी न्यायालयीन विचारात रुजली, ती अशा निकालांतून.

संविधान सभेत २ डिसेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी याच अडचणीवर बोट ठेवले. भारतात धर्माच्या कल्पना इतक्या व्यापक आहेत की जन्मापासून मृत्यूपर्यंत त्यांच्या कक्षेबाहेर काही राहत नाही. तेव्हा धर्माची व्याख्या श्रद्धा आणि मुळातच धार्मिक असलेले विधी यांपुरती मर्यादित ठेवायला हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा रोख वैयक्तिक कायद्यांकडे होता. विवाह, वारसा, मालमत्ता हे विषय धर्माच्या नावावर विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर जाऊ नयेत, एवढाच त्यांचा हेतू होता. धार्मिक काय आणि ऐहिक काय, असा तो प्रश्न होता. पुढे न्यायालयांनी त्याचा वेगळाच प्रश्न केला: धार्मिक आचारांपैकी धर्मासाठी अत्यावश्यक कोणता आणि अनावश्यक कोणता? पहिल्या प्रश्नात आचाराचे वर्गीकरण आहे, दुसऱ्यात त्याचे मूल्यमापन. दोन्हींतले अंतर घटनेच्या पहिल्या दशकात फारसे कोणाच्या लक्षात आले नाही.

त्या दशकातले निकाल सावध होते. १९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. छागला आणि न्या. गजेंद्रगडकर यांच्यापुढे हिंदूंना द्विभार्या विवाहाची बंदी करणाऱ्या १९४६ च्या मुंबई कायद्याला आव्हान आले. नरसू अप्पा माळी खटला म्हणून ते ओळखले जाते. श्रद्धा वेगळी आणि आचार वेगळा, आणि सुधारणेच्या आड येणाऱ्या आचाराला माघार घ्यावी लागेल, असे सांगून न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मात्र संहितेत न बांधलेला वैयक्तिक कायदा अनुच्छेद १३ च्या कसोटीखाली येत नाही, असेही त्याच निकालात म्हटले गेले. सुधारणेची वाट मोकळी ठेवून न्यायालयाने स्वतःचा हात आखडता घेतला, असा हा दुहेरी निकाल आहे.

१९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे शिरूर मठाचे प्रकरण आले. हा शिरूर उडुपीचा, मध्वाचार्यांच्या परंपरेतल्या आठ मठांपैकी एक. मद्रास सरकारच्या १९५१ च्या कायद्याने आयुक्तांना मठांच्या कारभारात खोलवर शिरण्याचे अधिकार दिले होते. सात न्यायमूर्तींच्या पीठाच्या वतीने न्या. मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालाने त्यातली अनेक कलमे रद्द केली. धर्म म्हणजे निव्वळ मते नव्हेत, आचारही धर्मच. आणि धर्माचा आवश्यक भाग कोणता हे मुख्यतः त्या धर्माच्या स्वतःच्या सिद्धान्तांवरून ठरवायचे, असे त्यात म्हटले आहे. ठरावीक वेळी देवाला नैवेद्य दाखवायचा असेल, अमुक दिवशी उत्सव करायचा असेल, तर त्यात पैसा खर्च होतो म्हणून ते आर्थिक व्यवहार ठरत नाहीत. त्याच वर्षी रतिलाल गांधी खटल्यात मुंबईच्या १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची छाननी झाली. कायद्याचा मोठा भाग टिकला, पण धर्मादाय आयुक्तालाच धार्मिक संस्थेचा विश्वस्त नेमता येईल अशी तरतूद गेली. विश्वस्त संस्थेच्या कारभाराच्या निमित्ताने एखादा विधी धर्माचा भाग नाही असे ठरवायला बाहेरच्या सत्तेला अधिकार नाही, असे न्यायालयाने बजावले. ‘बाहेरची सत्ता’ म्हणजे शासन, हे त्या वेळी गृहीतच होते. न्यायालय हीसुद्धा बाहेरचीच सत्ता आहे, हा मुद्दा पुढे आला.

तो पुढे आणणाऱ्या निकालांत दोन प्रकारची विचारसरणी दिसते, आणि त्यांची तुलना करण्यासाठी मंदिरप्रवेशाचे दोन खटले उपयोगी पडतात. पहिला १९५७ चा, वेंकटरमण देवरू खटला. दक्षिण कन्नड भागातल्या मुल्की येथील देवस्थान गौड सारस्वत ब्राह्मणांचे. मद्रासच्या मंदिरप्रवेश कायद्यातून त्यांना सूट हवी होती. न्यायालयाने आगमग्रंथ पाहिले आणि मान्य केले की देवळात कोणी यावे ही धार्मिक बाबच आहे आणि ही मंडळी स्वतंत्र संप्रदायही आहेत. तरीही घटनेने देवस्थाने खुली करण्याची मुभा राज्याला दिलेली असल्यामुळे संप्रदायाचा हक्क तिच्यापुढे नमतो, असा निर्णय झाला. काही खास विधी तेवढे समाजासाठी राखून ठेवले गेले.

दुसरा १९६६ चा, स्वामिनारायण सत्संगींचा. मुंबई राज्याच्या मंदिरप्रवेश कायद्यातून सुटण्यासाठी त्यांनी आपण हिंदू नव्हेच असा पवित्रा घेतला. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकालात हिंदू धर्म म्हणजे काय याचे दीर्घ विवेचन केले आणि लोकमान्य टिळकांची व्याख्या हाताशी घेतली: वेदांबद्दल आदर, साधनांची अनेकता आणि उपास्यांची अनेकता. सत्संगी हिंदूच ठरले, कायदा लागू झाला. पण निकाल तिथे थांबत नाही. अस्पृश्यांच्या प्रवेशाला घाबरणे हे अंधश्रद्धा, अज्ञान आणि हिंदू धर्माच्या खऱ्या शिकवणीबद्दलच्या गैरसमजातून आलेले आहे, असेही तो सांगतो.

दोन्ही निकालांचे फळ एकच: देऊळ सर्वांना खुले झाले. पण देवरूमध्ये न्यायालय म्हणते, हा तुमचा धर्म असेल, तरीही घटना वरचढ आहे. सत्संगी खटल्यात ते म्हणते, हा तुमचा धर्मच नव्हे, तुम्हाला तो कळलेला नाही. पहिला निकाल श्रद्धावंताला हरवतो. दुसरा त्याला हरवून वर त्याची शिकवणीही घेतो. घटनात्मक दृष्ट्या पहिला अधिक प्रामाणिक म्हणायला हवा, कारण त्यात न्यायालय आपल्या निर्णयाची जबाबदारी शास्त्रांवर ढकलत नाही.

गजेंद्रगडकर साताऱ्यातल्या संस्कृत पंडितांच्या घराण्यात वाढलेले होते, आणि महाराष्ट्रातल्या एकोणिसाव्या शतकापासूनच्या धर्मचिकित्सेचा ठसा त्यांच्या निकालांवर दिसतो. शास्त्राचाच आधार घेऊन रूढीवर वार करायचा, ही या परंपरेची आवडती रीत. सुधारकाच्या हाती ती शोभते, कारण ऐकणाऱ्याला नकार देण्याची मोकळीक असते. न्यायासनावरून तीच रीत वापरली की ऐकणाऱ्याला पर्याय उरत नाही. १९६१ च्या अजमेर दर्गा निकालात त्यांनी हे तत्त्व म्हणून मांडले: अंधश्रद्धेतून उगवलेले आणि धर्मावर बाहेरून चढलेले आचार बारकाईने तपासावे लागतील, आणि ते अनावश्यक ठरले तर त्यांना संरक्षण मिळणार नाही. शिरूर निकालाने धर्माच्या सांगण्यावरून जे ठरवायचे होते, ते आता धर्माचे सांगणे बाजूला सारून ठरवता येऊ लागले. त्याआधी १९५८ च्या कुरेशी खटल्यात बकरी ईदला गाईची कुर्बानी बंधनकारक नाही असा निष्कर्ष निघाला होता. एका माणसाने बकरा द्यावा किंवा सात जणांनी मिळून गाय अथवा उंट, असा पर्याय ग्रंथातच आहे, आणि पर्याय आहे म्हणजे बंधन नाही, असा त्यामागचा तर्क. सात गरिबांना सात बकरे परवडतील का, या प्रश्नापुढे तो तर्क फार वेळ थांबला नाही.

ही कसोटी तिच्याच तर्काने कुठे नेते, हे आनंदमार्गींच्या प्रकरणात सर्वांत स्पष्ट दिसते. रस्त्यावरच्या मिरवणुकीत कवटी आणि सुरा घेऊन तांडवनृत्य करण्याचा हक्क या पंथाने मागितला. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: पंथ १९५५ चा, तांडवाचा आदेश १९६६ चा, तेव्हा पंथ तांडवाशिवायही होता, म्हणजे तांडव आवश्यक नाही. त्यानंतर पंथाच्या आचारग्रंथातच तांडवाचा समावेश झाला आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने तो ग्राह्य मानला. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तोही निकाल फिरवला. जो भाग नंतर घालता येतो तो धर्माचा गाभा असूच शकत नाही, असे कारण दिले गेले; न्या. लक्ष्मणन यांनी भिन्नमत नोंदवले. या न्यायाने प्रत्येक धर्म आपल्या स्थापनेच्या दिवशी गोठायला हवा. संत, आचार्य, गुरू यांनी नंतर जे जे घातले ते सारे वरवरचे ठरेल. कवटी आणि सुरे घेऊन भररस्त्यात नाचू द्यायचे की नाही, याचे उत्तर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या एका वाक्यात देता आले असते. त्यासाठी पंथाच्या धर्मशास्त्राची उत्पत्ती शोधण्याचे कारण नव्हते.

२००४ च्याच निकालाने कसोटीचे सूत्र सांगितले: तो आचार काढून टाकला तर धर्माचे स्वरूप बदलते का? तर्कशास्त्राच्या जुन्या कोड्यातली धान्याची रास येथे आठवते. एकेक दाणा उचलला तर कोणत्याही एका दाण्याने रास संपत नाही, आणि तरी शेवटी रास राहत नाही. एकेक आचार वेगळा काढून तपासला तर बहुतेक प्रत्येक आचार अनावश्यकच ठरेल. आषाढी वारीसाठी श्रुतिवाक्य शोधू जाणाऱ्याला ते मिळणार नाही. पण वारी वजा केलेला वारकरी संप्रदाय ओळखू येणार नाही. ग्रंथात सार शोधणारी कसोटी ग्रंथप्रधान परंपरांना झुकते माप देते आणि आचारप्रधान परंपरांना तोटा करते. भारतातले बहुसंख्य लोक दुसऱ्या प्रकारात मोडतात.

मुख्य आणि गौण हा भेद भारतीय विचाराला परका नाही. पूर्वमीमांसेने कर्मांचे प्रधान आणि अंग असे विभाग पाडले आहेत. पण अंग म्हणजे टाकाऊ, असे मीमांसक म्हणत नाहीत. काम्य कर्म सर्व अंगांसह झाले तरच फळ देते. नित्य कर्म शक्य तेवढ्या अंगांनी केले तरी चालते, कारण तिथे न करण्याचा दोष टाळायचा असतो. म्हणजे एखादे अंग केव्हा सोडता येईल हे कर्त्याच्या सामर्थ्यावर आणि कर्माच्या प्रकारावर अवलंबून असते. शिवाय हा विचार कर्ता स्वतः, आपल्या परंपरेच्या आत राहून करतो. न्यायालय बाहेरून तोच भेद वापरते, तेव्हा गौणचा अर्थ संरक्षणास अपात्र असा होतो.

कधी कधी धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्यातली सीमाही न्यायालयाला आखावी लागली. योगी अरविंदांच्या नावाने वसलेल्या ऑरोव्हिलचा कारभार हाती घेणाऱ्या १९८० च्या कायद्याविरुद्धच्या खटल्यात बहुमताने अरविंदांची शिकवण हे तत्त्वज्ञान आहे, धर्म नव्हे, असे ठरवले; न्या. चिन्नप्पा रेड्डी यांना ते पटले नाही. १९९५ मध्ये रामकृष्ण मिशनचा आपण हिंदूंहून वेगळे असल्याचा दावा फेटाळला गेला. २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांचे अन्नत्याग करून देह ठेवण्याचे संथारा व्रत धर्माचा आवश्यक भाग नसल्याचे सांगून ते आत्महत्येच्या पातळीवर आणले. देशभरातल्या जैनांनी निषेध केल्यावर महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देह ठेवण्याचा निश्चय आणि जीव देण्याची कृती यांत फरक आहे का, हा नीतिशास्त्राचा अस्सल प्रश्न तिथे होता. आवश्यकतेच्या कसोटीने त्याला स्पर्शही केला नाही.

इतर दोन शाखांचे वर्तन पाहिले की न्यायालयावर हे काम का येऊन पडते ते कळते. धर्माच्या प्रश्नावर कायदा करणे मतांच्या दृष्टीने महाग असते. प्रश्न न्यायालयात ढकलणे स्वस्त. शबरीमला देवळातल्या स्त्रियांच्या प्रवेशबंदीच्या खटल्यात केरळ सरकारने २००७ मध्ये स्त्रियांच्या प्रवेशाच्या बाजूने प्रतिज्ञापत्र दिले, २०१६ च्या आरंभी आघाडी बदललेली असताना विरोधात, आणि त्याच वर्षी पुन्हा सत्ताबदल झाल्यावर पुन्हा बाजूने. कायदा आणि नियम तेच होते. सरकारची मते मात्र निवडणुकीच्या निकालाबरोबर फिरत होती.

उलट दिशेचे उदाहरण शाहबानो प्रकरणाचे. १९८५ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्या पीठाने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला पोटगी देय ठरवली. कलम सर्वधर्मीयांना सारखेच लागू असल्याने तेवढ्यावर भागले असते. पण निकालाने कुराणातल्या वचनांचाही अर्थ सांगितला, आणि वादळ उठले ते मुख्यतः त्यावर. राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये नवा कायदा करून निकाल निष्प्रभ करू पाहिला. २००१ मध्ये डॅनियल लतिफी खटल्यात न्यायालयाने तो कायदा रद्द केला नाही. तरतूद इद्दतच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या ठरावीक प्रतीक्षाकाळाच्या, मुदतीत करायची, पण ती पुढच्या आयुष्याला पुरेल अशी असावी, असा त्याचा अर्थ लावला आणि पोटगी जवळजवळ पूर्वीइतकीच राखली. न्यायालय, संसद, पुन्हा न्यायालय असा हा फेरा नियंत्रण आणि समतोलाचा वस्तुपाठ आहे. फक्त मधली पंधरा वर्षे ज्या स्त्रियांची गेली त्यांच्या हिशेबात तो फार महाग पडला. २०१७ च्या तिहेरी तलाक निकालातही तीन विरुद्ध दोन अशा बहुमतातले एक मत असा तलाक कुराणाविरुद्ध आहे या आधारावर होते. उरलेल्या दोघांनी समतेच्या हक्काचा आधार घेतला होता. म्हणजे निर्णायक मत धर्मशास्त्राचे ठरले. २०१९ मध्ये संसदेने कायदा करून असा तलाक गुन्हा ठरवला.

पर्याय न्यायालयांच्या स्वतःच्याच दप्तरात आहेत. १९८५ मध्ये केरळमधल्या एका शाळेने यहोवाचे साक्षीदार या पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, पण गात नसत. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. न गाणे हा त्या पंथाचा गाभा आहे का, याच्या खोलात न्यायालय गेले नाही. श्रद्धा खरी आणि मनापासूनची आहे का, एवढेच पाहिले. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९४४ च्या बॅलार्ड खटल्यात हीच रेघ ओढली होती: श्रद्धा प्रामाणिक आहे का हे ज्यूरी पाहू शकते, ती सत्य आहे का हे नाही.

महाराष्ट्रात २०१६ हे वर्ष या दृष्टीने बोलके आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना मज्जाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने शनिमाहात्म्याची चर्चा केली नाही. सर्व हिंदूंना देवस्थाने खुली करणारा १९५६ चा राज्याचा कायदा अस्तित्वात आहे आणि तो राबवणे शासनाचे कर्तव्य आहे, एवढेच सांगितले. काही दिवसांत, गुढीपाडव्याला, विश्वस्तांनी बंदी उठवली. साठ वर्षांपूर्वी विधिमंडळाने केलेले काम शासनाने करावे यासाठी न्यायालयाने टोचणी दिली. तिन्ही शाखा आपापल्या जागी राहिल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्याचा निकाल आला. तिथे असा कायदा नव्हता. त्यामुळे स्त्रियांना मजारीपाशी मनाई करणे इस्लाममध्ये आवश्यक आहे का, यावर विश्वस्तांनी वचने दिली आणि न्यायालयाने ती अपुरी ठरवली. प्रवेश मिळाला, विश्वस्तांनीही पुढे तो मान्य केला. पण कसोटी तीच राहिली, आणि समतेच्या हक्कावर उभा राहू शकणारा निकाल वचनांच्या तपासणीवरही टेकला.

आवश्यकतेची कसोटी सोडली तर कोणतीही मागणी धर्म म्हणून पुढे येईल, हा आक्षेप खरा आहे. तशा मागण्या येतीलच. पण त्यांना थोपवण्यासाठी घटनेत सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतरांचे मूलभूत हक्क या चार मर्यादा आहेतच. २०२० आणि २०२१ मध्ये आषाढीची पायी वारी थांबली आणि पादुका एस. टी. बसने पंढरपूरला गेल्या, तेव्हा वारी आवश्यक धर्माचार आहे का हे ठरवण्याची गरज पडली नाही. साथीचे कारण पुरले. फरक आहे तो पुराव्याच्या ओझ्याचा. आवश्यकतेच्या कसोटीत श्रद्धावंताने आपला धर्म सिद्ध करायचा असतो. मर्यादेच्या कसोटीत बंदीचे कारण शासनाला द्यावे लागते. न्यायालयीन पुनर्विलोकन हा सत्तेवरचा पहारा असेल, तर जाब सत्तेनेच द्यायला हवा.

२८ सप्टेंबर २०१८ च्या शबरीमला निकालात हे दोन्ही प्रवाह समोरासमोर आले. चार विरुद्ध एक मतांनी प्रवेशबंदीचा नियम रद्द झाला. बहुमतातल्या न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आवश्यकतेच्या कसोटीबद्दलच शंका घेतली आणि वगळण्याच्या प्रथेने व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर काय परिणाम होतो तिकडे लक्ष वळवले. पीठातल्या एकट्या स्त्री न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी भिन्नमतात म्हटले की आवश्यक काय ते त्या समाजाने ठरवावे, धर्माला तर्काची कसोटी न्यायालयाने लावू नये. निष्कर्ष परस्परविरुद्ध असले तरी न्यायालयाने धर्माचे सार सांगत बसू नये, या मुद्द्यावर दोघे जवळ येतात. पुढे फाटा फुटतो तो संप्रदायाच्या आतल्या दुबळ्या माणसाचे काय, या प्रश्नावर. समाज ठरवेल म्हटले की प्रत्यक्षात समाजातले सत्ताधारी ठरवतात.

हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे मुंबईतून उभा राहिला आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातिबहिष्कृती आणि धर्मबहिष्कृती यांना बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सैयदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी कायदा रद्द केला. धर्मातली शिस्त राखण्यासाठी बहिष्काराचा अधिकार संप्रदायाच्या धार्मिक बाबींतच मोडतो, असे बहुमताचे म्हणणे. सरन्यायाधीश सिन्हा यांनी दुसऱ्या टोकाकडून पाहिले. बहिष्कृत माणसाला मशीद बंद होते, दफनभूमी बंद होते, आपल्याच समाजात तो परका होतो. त्याच्या नागरी जीवनावर घाला घालणारी कृती निखळ धार्मिक राहत नाही, आणि तिला आळा घालणे ही समाजसुधारणाच आहे. त्यांनी हे अस्पृश्यतेच्या प्रश्नाशी जोडून पाहिले. बहिष्कार धर्माला आवश्यक आहे की नाही यापेक्षा बहिष्कृताचे काय होते हे आधी विचारणे, ही त्या भिन्नमताची खरी नवलाई होती.

२०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. त्याचा रोख मुख्यतः जातपंचायतींवर होता, आणि १९४९ चा जुना कायदा त्याने निरसित केला. त्यामुळे १९६२ च्या निकालाचा फेरविचार निरर्थक झाला, असे म्हणणे फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्वीकारले नाही. अनुच्छेद २६ खालचा संप्रदायाचा हक्क आणि बहिष्कृताचा प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न त्याने नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. शबरीमलाच्या फेरविचार याचिकांमधून नोव्हेंबर २०१९ मध्ये निघालेले प्रश्नही तशाच पीठाकडे सोपवले गेले आहेत. आवश्यक धर्माचाराची कसोटी ठेवायची का, आणि ठेवायची तर तिचे उत्तर न्यायालयाने द्यायचे की संप्रदायाच्या प्रमुखांनी, हे त्यांतले मुख्य मुद्दे आहेत.